चाल्दूरची हाक

बारा मार्चला चाल्दूर पक्षी समुद्रावरून बेटावर परत येतो, आणि त्याची हाक कानी पडल्याशिवाय मालानच्या घरात पहिला पॅनकेक कुणाच्या ताटात पडत नाही. हाक पहिल्यांदा ज्याला ऐकू येईल त्याचा पहिला पॅनकेक, वर रूबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा, आणि दुपारी हात धरून नाचायच्या रिंगणात कुठलं गाणं घ्यायचं हेही त्यानंच सांगायचं. गेली चार वर्षं हा मान सुनवाचा होता. ती पाच वर्षांची असताना धुक्यातून, काहीच दिसत नसताना, "तो बघा" म्हणाली होती, आणि हानुसनं नातीला खांद्यावर घेऊन सगळ्या गावाला दाखवलं होतं. गाण्याच्या घरात कानाची पोर जन्मली होती.

यंदा सुनवा नऊ वर्षांची होती. होडीघराच्या भिंतीला पाठ लावून ती आजीचा, मालानचा, हात धरून उभी होती. टोपीखाली बोटभर केस आले होते, पिसांसारखे मऊ, आणि पूर्वीपेक्षा काळे. मागच्या जूनमध्ये डोक्यातली गाठ काढली. मग सहा आठवडे किरण, मग औषधाच्या फेऱ्या, एकूण आठ. चार झाल्या होत्या. पाचवी मंगळवारी होती, कोपनहेगनला. उद्या सकाळच्या बोटीनं निघायचं होतं.

"पाय गार पडले का गं?" मालाननं तिच्यासमोर वाकून विचारलं.

"कळत नाही," सुनवा म्हणाली. "माझे पाय लोकरीचे झालेत."

औषधांपैकी एकानं ते केलं होतं. दुसऱ्यानं जिभेवर लोखंडाची चव आणून ठेवली होती. डॉर्टे, सुनवाची आई, ही सगळी औषधं त्यांच्या रंगांनी ओळखायची, आणि कुठलं काय नेतं हे तिला पाठ होतं, जशी बाकीच्या घराला गाण्याची चौऱ्याऐंशी कडवी पाठ होती. डॉर्टे डॅनिश. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ती रिंगणात कधी शिरली नव्हती. भिंतीशी बसून बघायची.

आणि मग हाक आली. मागच्या डोंगराच्या अंगानं, बारीक, टोचणारी, एकामागून एक. हानुसची मान वर गेली. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. सुनवा समोर समुद्राकडे बघत होती. तशीच बघत राहिली.

मालानची बोटं तिच्या हातावर दोनदा मिटली.

"आला!" सुनवा म्हणाली. "मी पहिली!"

सगळे हसले. हानुसनं टाळी दिली. "पॅनकेक माझ्या नातीचा," तो म्हाताऱ्यांना म्हणाला, "तुमचे कान आता मेंढरांना दान करा."

एकटी तूरी हसली नाही. सुनवाच्या वडिलांची, हॉग्नीची, ही धाकटी बहीण गावच्या शाळेत शिकवायची, आणि कुठला हात बाकाखालून काय देतो हे बघायची तिच्या डोळ्यांना सवय होती. तिनं आईची बोटं पाहिली होती. "आई, तू लबाडी केलीस," असं ती थट्टेनं म्हणणार होती. तोंड उघडलं आणि मिटलं. कारण पक्षी अजून ओरडत होता, अगदी डोक्यावर, आणि सुनवा त्याला चुकीच्या बाजूला शोधत होती.

*

स्वयंपाकघरात सुनवा टेबलाशी बसून बशीतला मुरंबा चमच्यानं पसरत होती. तूरी तिच्या मागे जाऊन उभी राहिली, दोन पावलांवर. तिनं नेहमीच्या आवाजात सांगितलं की सुनवा, तुझ्या टोपीवर कोळी आहे.

सुनवाला कोळ्यांची फार भीती. चमचा शांतपणे फिरत राहिला.

तूरीनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. चुलीपाशी डॉर्टे वळली. तिच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं, आणि तव्यावरच्या पॅनकेकची कड काळी होत गेली. तूरीनं शेवटी पाय आपटला. फळ्यांची जमीन हलली तशी सुनवा लगेच वळली आणि आत्याच्या तोंडाकडे बघून गोड हसली. "काय गं आत्या?"

"काही नाही. जा, आबांना कॉफी झाली म्हणून सांग."

ती गेली. भिंतीला हात लावत, लोकरीच्या पायांनी.

तूरीनं तवा उचलून बाजूला ठेवला. मग तिनं वहिनीला विचारलं की हे कधीपासून आहे. डॉर्टे म्हणाली, काय कधीपासून. तूरी म्हणाली की तूही आत्ता पाहिलंस, मला वेड्यात काढू नकोस. त्या दोघींमध्ये तसंही फार गोड कधी नव्हतं. हॉग्नीनं परक्या देशातली बायको आणली तेव्हा सर्वांत जास्त तूरीच रागावली होती, आणि आजारपणात तो राग फक्त घडी घालून ठेवला होता.

"दर फेरीआधी कान तपासतात ना?" तूरीनं विचारलं. "जानेवारीत तपासले तेव्हा काय म्हणाले?"

डॉर्टे खुर्चीवर बसली. ती टेबलावरचं पीठ बोटानं गोळा करायला लागली.

"जानेवारीत तपासले नाहीत."

मग ते सगळं बाहेर आलं, तुकड्या-तुकड्यांनी. नोव्हेंबरातल्या तपासणीत वरचे स्वर थोडे उतरले होते. डॉक्टर विबेके म्हणाल्या होत्या की ह्या एका औषधाचा हा गुण आहे, ते गाठीला मारतं आणि कानातले नाजूक केसही मारतं, आणि गेलेले केस परत येत नाहीत; आणखी उतरले तर हे औषध कमी करू, लागलं तर बंद करू. जानेवारीत तपासणीच्या दिवशी वादळानं बोट सुटली नाही, तीन दिवस. तपासणीची वेळ गेली. मायलेकी पोचल्या ते थेट फेरीच्या सकाळीच. डॉक्टरांनी विचारलं, घरी ऐकण्यात काही फरक वाटतो का?

"आणि मी सांगितलं..." डॉर्टेनं गोळा केलेलं पीठ पुन्हा विस्कटलं. "मी सांगितलं की नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिनं रिंगणात चौऱ्याऐंशी कडवी म्हटली. एकही चुकली नाही. आजोबांच्या बरोबरीनं. म्हटलं, तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

डॉक्टरांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला होता. पाचव्या फेरीआधी मात्र तपासणी झालीच पाहिजे म्हणाल्या, आणि चौथी फेरी पूर्ण मापानं दिली.

तूरी म्हणाली की गाणं म्हणजे काय कानाची परीक्षा आहे का. तुला आमचं गाणं कळत नाही, रिंगण कळत नाही, आणि तू त्याच्यावर साक्ष दिलीस. पोर पाळण्यात होती तेव्हापासून हे ऐकतेय. तिला ते झोपेत येतं. रिंगणात सगळे समोर तोंड करून असतात, ती तोंडं वाचत असेल.

"तोंडं वाचून ताल कसा सांभाळेल?" डॉर्टे म्हणाली. "पायांनाही कळत नाही तिच्या. मी बघत होते तूरी. तासभर बघत होते. ती एकदाही मागे पडली नाही."

"मी पडू दिली नाही," दारातून मालान म्हणाली.

*

मालान किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. ती आत आली, सुनेच्या समोर बसली आणि तिनं आपला उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता.

रिंगणात हातात हात असतो, कोपरं जुळलेली असतात. नाताळात पहिल्याच कडव्याला तिला कळलं होतं. पोर अर्ध्या पावलानं मागे होती आणि घाबरून चेहऱ्यांकडे बघत होती. तेव्हा मालाननं तिचा हात दाबला. ओळ सुरू झाली की एकदा, धृपद आलं की दोनदा. तिसऱ्या कडव्यापर्यंत पोरीला खूण कळली. शब्द तिला येतच होते. नुसतं केव्हा म्हणायचं तेवढं हवं होतं.

*हात सोडू नका गड्यांनो,*
*वाट आहे लांब;*
*समुद्र म्हणतो चला चला,*
*खडक म्हणतो थांब.*

"चौऱ्याऐंशी कडवी," मालान म्हणाली. "रात्री... नाही, दुसऱ्या दिवशीपर्यंत माझी बोटं दुखत होती."

"आणि बोलली का नाहीस?" तूरीनं विचारलं. "आई, तीन महिने होत आले."

मालाननं लेकीकडे पाहिलं नाही. ती सुनेशीच बोलली. "हानुस रडत होता आनंदानं. आणि तू भिंतीशी बसून हसत होतीस. जूनपासून तू हसली नव्हतीस. मी म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगेन. उद्या तू सामान भरत होतीस. मग बोट, मग फेरी. तू माझं गाणं डॉक्टरला सांगशील हे माझ्या मनातही आलं नाही."

डॉर्टेला सासूचा राग यायला हवा होता. ती राग शोधत राहिली. टेबलावरचा तो हात सुजलेल्या सांध्यांचा होता, मासे साफ करून करून पांढरा पडलेला, आणि तिला फक्त एवढंच दिसत होतं की हा हात तासभर पोरीला धरून चालला होता, आणि आपण भिंतीशी बसलो होतो.

"डॉर्टेला बोलू नकोस," मालान आता तूरीला म्हणाली. "बोलायचं असेल तर मला बोल."

तूरीनं जन्मात आईला वहिनीची बाजू घेताना पाहिलं नव्हतं. ती खिडकीकडे वळली.

*

हानुस कॉफीला आला तो एकटाच. सुनवाला त्यानं खोलीत कोकरांच्या कानांवर मालकांनी कापलेल्या खुणांची वही चाळायला बसवलं होतं. तूरीनं त्याला सगळं सांगितलं. तो उभा राहूनच ऐकत होता. ह्या गावात चाळीस वर्षं तो गाण्याचा म्होरक्या होता. कडवं त्यानं उचलायचं आणि बाकीच्यांनी मागून यायचं.

"सूर उतरला होता तिचा," तो शेवटी म्हणाला. "नाताळातच. मला वाटलं, अशक्तपणा."

म्हणजे त्यालाही माहीत होतं, त्याच्या वाट्याचं.

तूरीचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा, ते औषध थांबवा, आणखी काही जायच्या आत. हानुस नाही म्हणाला. तो इतक्या शांतपणे नाही म्हणाला की तिघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"चार फेऱ्या उरल्यात. उरू देत. काही सांगू नका."

"बाबा, मंगळवारी तपासणी आहे. कळणारच आहे."

"मग मंगळवारी कळू दे. कळलं तरी म्हणा, द्या औषध. पूर्ण द्या." त्यानं कप खाली ठेवला तो बशीत नीट बसला नाही. "कान घ्या म्हणावं. दोन्ही घ्या. मी गाणं विसरायला तयार आहे. ह्या घरात पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही तरी चालेल. पोर राहिली पाहिजे."

डॉर्टेच्याही मनात हेच होतं, नोव्हेंबरपासून. म्हणूनच जानेवारीत तिनं इतक्या लवकर उत्तर दिलं होतं का, हा प्रश्न तिनं अजून स्वतःला विचारला नव्हता. आता तो समोर येऊन बसला.

हॉग्नी तिकडे आइसलँडच्या पाण्यात जहाजावर होता. फोन लागला तेव्हा मागे वाऱ्याचा आणि यंत्राचा आवाज होता. त्यानं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की आई काय म्हणते, बाबा काय म्हणतात ते राहू दे, डॉर्टे, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मला भीती वाटते. तो म्हणाला, मलाही. डॉक्टरला खरं सांग. आपण अंदाजानं औषध द्यायचं नाही, अंदाजानं बंदही करायचं नाही. आणि सुनवाला विचार, तिला किती ऐकू येतं ते. तिला कुणी विचारलंय का?

कुणीच विचारलं नव्हतं.

*

खोलीत सुनवा वहीवर ओणवी होती. आई समोर येऊन जमिनीवर बसली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी. सुनवानं ते पाहिलं आणि वही मिटली. आई उजेडात बसली म्हणजे आईला कळलं होतं.

"आजीनं सांगितलं?"

"सगळ्यांनी थोडं थोडं."

सुनवा सांगायला लागली तेव्हा एखाद्या मोठ्या माणसासारखी सांगत होती. आबांचा आवाज येतो. बोटीचा भोंगा येतो. तुझा येतो, पण कडा नसलेला येतो. आत्याचा नाही येत, ती बारीक बोलते. पाऊस येत नाही. आणि मध्येच आत एक शिटी वाजते, कुणी नसताना.

"मला का नाही सांगितलंस राणी?"

सुनवा खाली बघत राहिली. डॉर्टेनं हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं.

"विबेके म्हणाली होती," सुनवा म्हणाली. "दाराबाहेर. कान आणखी उतरले तर औषध बंद. यिटेचं पण बंद केलं होतं. मग ती घरी गेली." ती थांबली. "मग तिचा पलंग दुसऱ्याला दिला."

यिटे दवाखान्यात शेजारच्या खोलीत होती, ऑगस्टमध्ये. तिचं औषध का थांबवलं होतं हे मोठ्यांना माहीत होतं. ह्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांचं लेकरू चार महिने तोंडं वाचत होतं, हसायचं कधी, मान हलवायची कधी हे शिकत होतं, आणि आपला जीव आपणच धरून बसलं होतं.

डॉर्टेनं तिला सांगितलं. हळू, एकेक शब्द तोंडात नीट ठेवून. यिटेचं औषध थांबवलं कारण ते काम करत नव्हतं. तुझं काम करतंय. एक थांबलं तरी दुसरी दोन चालू राहतील.

"म्हणजे मी मरणार नाही?"

ह्या घरात आणि त्या दवाखान्यात हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. डॉर्टेला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणणं किती सोपं असतं हे ती जानेवारीत शिकली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना वाटतं, तू बरी होशील. मलाही वाटतं. नक्की कुणालाच माहीत नसतं. पण मी आता तुला खोटं सांगणार नाही. तूही मला खोटं सांगायचं नाहीस."

सुनवानं विचार केला. "मग मी पॅनकेक परत देते," ती म्हणाली. "मी पहिली नव्हते."

*

डॉर्टेनं ठेवलेल्या निरोपावर डॉक्टर विबेकेंचा फोन दुपारी आला, रविवार असूनही. डॉर्टेनं फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. मग म्हणाल्या की जे गेलं ते परत येणार नाही, हे मला आजच सांगितलं पाहिजे. मंगळवारी तपासू, आणि तुम्ही सांगता तसंच निघालं तर ते एक औषध इथून पुढे द्यायचं नाही. बऱ्याच मुलांना आम्ही ते असं मध्येच कमी करतो. बाकीची दोन आठव्या फेरीपर्यंत चालतील. कानांना यंत्रं लावू. शाळेत समोर बसू दे.

हानुसनं पुढे वाकून विचारलं, ते द्यायचंच म्हटलं तर? आम्ही सगळे कबूल असू तर?

"चार फेऱ्यांत त्या औषधाचं बरंचसं काम होऊन गेलेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी दिल्यानं किती फायदा होईल ते मला सांगता येत नाही. किती जाईल ते सांगता येतं. तिला मोठं व्हायचंय, आजोबा. मोठं होऊन माणसांत राहायचंय."

मग त्या डॉर्टेला म्हणाल्या की जानेवारीत तुम्ही जे सांगितलं त्यावर मी हो म्हणायला नको होतं. एक दिवस थांबून तपासायला हवं होतं. ते मी माझ्या नावानं लिहून ठेवणार आहे.

फोन बंद झाल्यावर मालाननं ताटं गोळा करायला घेतली. एका ताटात अख्खा पॅनकेक तसाच होता, मुरंबा नीट पसरलेला, कडेपर्यंत. तिनं तो झाकून ठेवला.

त्या वर्षी चाल्दूरच्या दिवशी हानुसच्या घरात रिंगण झालं नाही. शेजारचे म्हातारे तिसऱ्या प्रहरी येऊन दारात थांबले, खोलीतली मधली जागा मोकळी केलेली नाही हे त्यांनी पाहिलं, आणि काही न विचारता परत गेले.

*

सकाळी धक्क्यावर सगळे होते. तूरीनं सुट्टी टाकली होती. ती बोटीनं बरोबर निघाली होती, थेट कोपनहेगनपर्यंत. मी तिच्या समोर बसून मोठ्यानं बोलायला शिकेन, एवढंच तिनं वहिनीला सांगितलं होतं, आणि वहिनीनं तिच्या हातात जड पिशवी दिली होती.

मालाननं नातीची टोपी कानांवर ओढली. मग आपण काय करतोय हे कळून तिचे हात तिथेच थांबले. सुनवानं आजीचे हात खाली घेतले आणि टोपी स्वतःच नीट केली.

हानुस गुडघ्यावर बसला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, शब्द नीट आले नाहीत, आणि सुनवाला ते वाचता आले नाहीत. तिनं त्याच्या छातीवर हात सपाट ठेवला. "आबा, आता म्हण," ती म्हणाली. "इथून येतं."

त्यानं एकच ओळ म्हटली, खालच्या सुरात. तिनं मान हलवली.

बोट लागत होती. धक्क्याच्या टोकाला लोखंडी खुंटावर एक चाल्दूर येऊन बसला, काळापांढरा, लाल चोच. चोच उघडत होती, मिटत होती.

"ओरडतोय का?" सुनवानं विचारलं.

डॉर्टेनं तिचा हात हातात घेतला. सासूसारखे तिचे हात नव्हते. तिला ताल येत नव्हता, कडवी येत नव्हती. तिनं कान दिला आणि बोटं मिटली. एकदा. एकदा. मग भराभर, भराभर, मग जरा थांबून एकदा लांब.

"इतका वेळ?"

"थांबतच नाही."

"पहिल्यापासून तसाच आहे तो," सुनवा म्हणाली, आणि ह्या वेळी ती योग्य बाजूला बघत होती.

पक्षी उडाला. पाण्यावरून खाली खाली जात धुक्यात शिरला. डॉर्टेची बोटं थांबली. सुनवा वाट बघत राहिली, मग तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आता?"

"आता गप्प आहे."

"मग गप्प असला की काय करशील?"

"काही नाही," डॉर्टे म्हणाली. "नुसता हात धरून ठेवीन."

बोटीचा भोंगा वाजला. तो दोघींनाही ऐकू आला. त्या निघाल्या.